नऊ शंखांचा मालक

त्या किनाऱ्यावर घर बांधणारे कुणी राहत नव्हते. घरे बांधायच्या त्या खोल पाण्यातल्या गोगलगायी. त्या मेल्या की त्यांचे रिकामे शंख लाटांबरोबर खडकांवर येत, आणि मऊ अंगाचे खेकडे त्यांत शिरून दिवस काढत. अंग वाढले की जुना शंख काचू लागे. मग तो सोडायचा आणि मोठा मिळेपर्यंत उघड्यावर राहायचे. त्या काळात कुरव पक्षी आभाळातून खाली बघत असत.

धाकलू नावाचा खेकडा लहानपणी असाच तीन भरत्या उघड्यावर राहिला होता. थोरला भाऊ त्याच कपारीत, त्याला खेटून बसला होता. दुपारी कुरवाने भावाला उचलून नेले. ओल्या वाळूतला भावाच्या अंगाचा ठसा पुढची भरती येईपर्यंत तसाच होता, आणि धाकलू तेवढा वेळ त्याच्याकडे बघत बसला होता.

म्हणून त्याला शंख मिळाला तेव्हा त्याने दुसराही शोधून ठेवला. मग तिसरा. काही वर्षांत त्याच्याकडे राहता धरून नऊ शंख झाले. रिकाम्या शंखांची तोंडे तो वाळूने बुजवून ठेवी. त्यांतला एक पांढरा, तपकिरी पट्ट्यांचा शंख इतका मोठा होता की धाकलूसारखे चौघे त्यात मावले असते. रोज सकाळी तो सगळ्यांभोवती एक फेरी मारी, आणि मगच त्याच्या पोटात घास उतरे.

खडकाच्या भेगेत मोरजी नावाचा म्हातारा वाम मासा राही. त्याचे फक्त डोके बाहेर दिसे. सगळे त्याला मामा म्हणत आणि अडीअडचणीला त्याचा सल्ला घेत.

"रिकामी घरं ठेवून काय करणार आहेस?" मामाने एकदा विचारले.

"कधी वेळ आली तर असावीत, मामा."

"रिकाम्या घराला चिरा पडतात. राहतं घर राहणाराच सांभाळतो. भाड्याने दे."

धाकलूला ते पटले. भाडे म्हणून त्याने रोजच्या शेवाळातला थोडा वाटा ठरवला. सुरुवातीला तो भला मालक होता. कुणाच्या शंखाला भोक पडले तर स्वतः चिखल आणून लिंपून देई. शंख नसलेले खेकडे त्याचे नाव आदराने घेत.

मोठा शंख मात्र कुणाला द्यावा हे ठरेना. एक तरणा, धट्टाकट्टा खेकडा मागायला आला होता.

"त्याला देऊ नकोस," मामा म्हणाला. "ज्याचे पाय चांगले चालतात तो उद्या निघून जातो. पोरंबाळं असलेली बघ. ती हलत नाहीत."

तशी आवडी आली. तिचा नवरा वादळात गेला होता आणि पोटाला तीन पिल्ले चिकटलेली होती.

"दादा, हा मला फार मोठा होतो," ती शंखात डोकावून म्हणाली. "पण पोरं वाढतील."

"वाढू देत की," धाकलू म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला होता.

दोन वर्षे बरी गेली. मग एका उन्हाळ्यात डबक्यांतले पाणी इतके तापले की खडकांवरचे शेवाळ करपून गेले. भाडे कुणालाच जमेना. धाकलू भेगेपाशी जाऊन बसला.

"भाडं एकदा सोडलंस की कायमचं सुटलं," मामा म्हणाला. "शेवाळ नाही तर पाय घे. खेकड्याचा पाय पुन्हा उगवतो, त्यात कसलं पाप? फक्त मागायची वेळ बघ. अंग मऊ असताना कुणी घासाघीस करत नाही."

आवडीने नुकतीच कात टाकली होती. तिचे अंग लोण्यासारखे झाले होते आणि ती शंखाच्या आतल्या वळणात जाऊन बसली होती. धाकलू दारात उभा राहिला.

"आठ दिवस थांबा, दादा. अंग जरा टणक होऊ द्या. मी लांबच्या खडकावरून शेवाळ आणून देते."

"मी थांबलो असतो गं. पण या घरासाठी तिघं विचारून गेलेत."

कुणीही विचारून गेले नव्हते. आवडीने आत अंग चोरून घेतले. मग सांधा निखळल्याचा बारीक आवाज आला आणि तिचा मागचा पाय दाराबाहेर सरकला. धाकलूला तो उचलवेना. तो पाय तिथेच टाकून निघून जावे असे त्याला वाटले. पण त्याच्याही पोटात दोन दिवस काही नव्हते. त्याने पाय खाल्ला. तो गोड लागला.

पाय पुन्हा उगवला, पण काडीसारखा. तसल्या पायांनी एवढा मोठा शंख ओढत चालणे आवडीला जड जाऊ लागले. पावसानंतर शेवाळ परत आले, पण ते आणायला जाण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. तेव्हा भाडे म्हणून पुन्हा पायच. इतर शंखांतही तीच गत झाली. धाकलू आता चांगला भरला होता. शंखांची भोके लिंपायला तो जाईनासा झाला, कारण तक्रार करायला कुणी त्याच्यापर्यंत येतच नव्हते.

आवडीची दोन मोठी पोरे धाकलूच्याच लहान शंखांत भाड्याने गेली. धाकटीही घर शोधायला बाहेर पडली, पण तिला कुठेच जागा मिळाली नाही. एका सकाळी ती आईच्या दारात परत आली.

"दादा, चार दिवस तिला आत घेते," आवडी आतून म्हणाली.

"पोरं गेली तेव्हा घर तुझ्या एकटीच्या नावावर ठरलं. आज तिला घेतलंस तर उद्या आठही घरांतून हेच सुरू होईल."

पोर दुपारपर्यंत शंखाच्या सावलीत बसून राहिली. ऊन कलले तशी सावली दुसऱ्या बाजूला गेली. आवडीने कुरवाचे पंख ऐकले. धाकलूनेही ऐकले, आणि त्या दिवशी तो कपारीतून बाहेर आला नाही.

पुढच्या वर्षी त्याचा स्वतःचा शंख त्याला काचू लागला. श्वास पुरेना. आठ शंखांपैकी त्याच्या अंगाला होईल असा एकच होता. ओहोटी लागत असताना तो आवडीच्या दारात गेला.

"घर रिकामं कर, आवडी. मला लागतंय."

"करते की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पण निघू कशी? तुम्हीच ओढा, दादा."

शंखात आवळलेल्या अंगाने त्याला जोर लावता येईना. म्हणून त्याने आपला शंख उतरवून बाजूला ठेवला आणि तिच्या दोन्ही नांग्या धरून ओढले. तिचे अंग इतक्या वर्षांत शंखाच्या वळणासारखेच वळून बसले होते, आणि आतून रेटा द्यायला तिला पाय नव्हते.

"अजून ओढा," ती म्हणाली.

त्याने ओढले. काहीच हलले नाही. तो दमून मागे वळला तेव्हा त्याच्या शंखात एक बेघर खेकडा शिरून पाण्याच्या दिशेने भरभर निघाला होता.

धाकलू उघडा पडला. तो एकेका शंखाकडे धावला. प्रत्येकाच्या दारात नांगी आडवी होती आणि तिच्यामागे न हलणारे अंग. तो मामाच्या भेगेकडे वळला. मामाचे तोंड उघडे होते. इतकी वर्षे ते बोलण्यासाठीच उघडते असे त्याला वाटत आले होते. आज पहिल्यांदा त्याला आतले दात दिसले. धाकलू उलट पावली मागे सरकत पुन्हा मोठ्या शंखापाशी आला.

पाणी दूर गेले होते. खडकावरून एक सावली सरकली, वळली आणि परत आली.

"आवडी," तो म्हणाला, "थोडं आत सरक. कोपरा दे नुसता."

त्याने आपला मागचा पाय सांध्यापाशी निखळला आणि तिच्या दारात ठेवला. तो कुणी आत घेतला नाही. मग त्याने दुसरा निखळला आणि पहिल्याशेजारी नीट मांडला.