आधी बरा पाय

डोंगराच्या कुशीतल्या करंजखोलात बैलगाडीसुद्धा पोचत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. त्या गावात चिमाक्का नावाची बाई राहायची. निखळलेला खांदा, अडलेली मान, वळेनासा झालेला घोटा, सगळं ती नुसत्या हातांनी बरं करायची. तिच्या बोटांना हाडांचं बोलणं ऐकू यायचं, असं म्हणतात.

पण तिची एक खोड होती. दुखऱ्या जागेला ती आधी हात लावायचीच नाही. उजवा खांदा दुखतोय म्हटलं की ही डावा धरणार आणि निवांत फिरवून बघणार. मग दुखऱ्या सांध्याच्या वरचा, मग खालचा. दुखणारा सगळ्यात शेवटी. कळवळणारी माणसं चिडायची. चिडेनात का, चिमाक्काला घाई कशी ती ठाऊक नव्हती.

त्याच गावात मायाप्पा लोहार होता. तोही दुखणी घालवायचा, पण त्याची तऱ्हा वेगळी. दुखेल तिथे तापल्या सळईचा डाग. पोट दुखलं, दे डाग. कंबर धरली, दे डाग. एकदा डाग दिलेला माणूस पुन्हा दुखतंय म्हणून येत नाही, असं तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. का येत नाही, ते त्याला कोण सांगणार!

मायाप्पाला एकच लेक, हौसा. दिवसभर गावभर पळणारी पोर. एका उन्हाळ्यात तिचा उजवा गुडघा दुखायला लागला आणि ती लंगडू लागली. मायाप्पानं स्वतःच्या हातानं तिच्या गुडघ्यावर डाग दिला. पोर किंचाळली, बाप रडला, आणि गुडघा दुखतच राहिला. मायाप्पाला वाटलं, पोटची पोर म्हणून आपला हात कचरला. आता डाग खोल द्यायचा, असं त्यानं ठरवलं. तेही मायेपोटीच.

त्या सकाळी भाता चालू होता. हौसा दोन्ही हातांनी गुडघा झाकून बसली होती. विळ्याला धार लावून घ्यायला आलेल्या चिमाक्कानं ते पाहिलं, विळा खाली ठेवला आणि पोरीशेजारी बसकण मारली. तिनं हौसाचा डावा पाय मांडीवर घेतला.

"अगं चिमाक्का, दुखतोय उजवा, आन् तू डावा काय धरतीस?" मायाप्पा खेकसला.

"ह्यो बरा हाय न्हवं? मग पाय कसा वळावा, ते आधी ह्यालाच इचारते."

डावा पाय मांडीपासून सहज आतबाहेर वळला. मग तिनं उजवा घेतला. पण मांडी आत वळवू गेली, तर पाय तिथंच अडला.

"आई गं! गुडघा!" हौसा ओरडली. चिमाक्कानं घोटा फिरवला आणि शेवटी गुडघा दुमडून पाहिला, तर तो छान दुमडला.

"गुडघा न्हाई, बाळा. अडलंय वर, खुब्यात. गुडघा बिचारा दुसऱ्याचं रडतोय."

मायाप्पा सळई धरून तसाच उभा राहिला. ज्या गुडघ्याला त्यानं जाळलं होतं, त्याचा काही दोषच नव्हता.

चिमाक्कानं खुब्यावर तळवा ठेवला आणि गाठ सैल करावी तसा पाय हळूहळू वळवत राहिली. ओढलं नाही, हिसका दिला नाही. मग बारीकसा आवाज झाला, आणि त्यासरशी देवळातली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. हौसा उठली. विहिरीपर्यंत चालत गेली आणि पळत परत आली.

पण मायाप्पाची मूठ उघडेना. सळई निवली, तरी बोटं सुटेनात. चिमाक्कानं त्याचा डावा हात हातात घेतला.

"ह्याच हातानं लेकीला कडेवर घेऊन हिंडायचास न्हवं, दादा?" ती म्हणाली. मग तिनं उजव्या मुठीला नुसता स्पर्श केला. सळई खाली पडली, आणि एवढा दांडगा लोहार सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला.

त्यानंतर त्यानं कुणालाच डाग दिला नाही. चिमाक्का पुढे कधीतरी डोंगरात गेली ती परत आलीच नाही. ती बसायची त्या दगडाला तिच्या तळव्याएवढा खळगा पडलाय. मायाप्पानं ती सळई त्याच दगडाखाली पुरली, असं म्हणतात.

चैत्रात तिच्या नावाचा एक दिवस असतो. त्या दिवशी करंजखोलात भाता चालत नाही. आणि एरवीही, पोर पडून रडत घरी आलं, की आई त्याचा न लागलेला पाय आधी मांडीवर घेते.

"हा नाही गं आई, तो दुखतोय!" पोर रडत सांगतं.

"ठावं हाय मला," आई म्हणते आणि त्या बऱ्या पायावरून हात फिरवत राहते. तेवढ्यात बहुतेक पोरं रडायची थांबलेली असतात.