गुणाजी पंच आणि राहिलेल्या तीन धावा

आमच्या घाटात गाडीरस्ता झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आंबेखिंडीच्या पठारावर दर पाडव्याआधी तीन दिवस क्रिकेटचे सामने व्हायचे. चार मुलखांचे चार संघ यायचे. घाटमाथ्याचा, नदीकाठचा, माळरानाचा आणि खालच्या खारशेत बंदराचा. पंच मात्र एकच, आंबेखिंडीचा गुणाजी सुतार.

पंच घाटमाथ्याच्या गावचाच, पण कुणाची कधी हरकत नसायची. दाराची चौकट केसभर तिरकी असली तरी गुणाजीला लांबून दिसायची, असं म्हणतात. लाकडावर टिचकी मारली की आतली कीड त्याला ऐकू यायची, असंही म्हणतात.

त्या साली अंतिम सामना घाटमाथा आणि बंदर यांच्यात आला. घाटमाथ्यानं बारा वर्षांत करंडक उचलला नव्हता. बंदराची शेवटची जोडी खेळत होती आणि तीन धावा राहिल्या होत्या. समोर होता जनू तांडेल, होडीवर काम करणारा तरणा गडी. घाटमाथ्याचा कप्तान सर्जेराव स्वतः चेंडू टाकत होता. चेंडू आला, टक्‌ असा आवाज झाला, विकेटकीपरनं झेल घेतला आणि सगळं पठार ओरडलं. गुणाजीनं बोट वर केलं.

जनू जागचा हलला नाही. म्हणाला, "सुतारबाबा, बॅट बॉलला नाय लागली. जमिनीला लागली." मग बॅट काखेत मारून निघून गेला.

गावात गुलाल उधळला. करंडक देवळात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी स्टंप आणि बॅट-चेंडू आणायला मैदानात गेला. जनू जिथं उभा होता तिथं, रेघेच्या वीतभर पुढं, मातीला ताजी खोक पडलेली दिसली. तो खाली बसला. शेजारी बॅट आपटून पाहिली. टक्‌. मग बॅटवर चेंडू मारून पाहिला. आवाज निराळाच. जन्मभर लाकूड ऐकलेला माणूस तो, आणि ऐकण्यातच चुकला होता.

तो तडक सर्जेरावाकडे गेला. "झेल नव्हता," म्हणाला.

"बोट वर गेलं ते गेलं," सर्जेराव म्हणाला. "पंचाचा निकाल म्हणजे देवाचा कौल."

"देवाचा नव्हता. माझा होता, आणि चुकला."

"कोण विचारायला आलंय तुला?"

"तेच तर. कुणी येणार नाही, म्हणून मीच जातो."

दोन दिवसांची वाट गुणाजी एका दिवसात उतरला. वाटेत बिबट्या आडवा आला आणि त्याचं तोंड बघून बाजूला झाला, असं म्हणतात. खरंखोटं बिबट्याला ठाऊक.

बंदरावर जनू एकटाच जाळं विणत बसला होता. त्याच्या बोलण्यावर त्याच्याच माणसांचा विश्वास बसला नव्हता. हरला तो हरला, वर खोटंही बोलतो, म्हणून त्याला होडीवर घेत नव्हते. गुणाजीनं डोक्याची टोपी काढली आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "जनू तांडेल नाबाद होता. चूक माझी!"

जनूनं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "एवढ्यासाठी घाट उतरलात? बस झालं, बाबा. करंडक राहू दे तुमच्याकडं."

"करंडक देणारा मी कोण? तीन धावा राहिल्यात. त्या खेळायला चला."

आठव्या दिवशी अख्खं बंदर घाट चढून वर आलं, बायकापोरांसकट. एवढी माणसं दारात आल्यावर सर्जेरावाला नाही म्हणता येईना. त्यानं देवळातून करंडक आणून मैदानाच्या कडेला ठेवला आणि चेंडू हातात घेतला. गुणाजी काही पंच म्हणून उभा राहायला तयार होईना. तेव्हा जनू म्हणाला, "पंच तुम्हीच. नायतर मी खेळत नाय."

सर्जेरावानं जीव तोडून चेंडू टाकला आणि जनूनं तो उचलला. चेंडू पठाराची कड ओलांडून दरीत गेला. तो खाली पडल्याचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही, असं म्हणतात. गुणाजीनं दोन्ही हात वर केले, तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. करंडक उचलून जनूच्या हातात दिला तो सर्जेरावानं.

गुणाजीला जाऊनही आता कैक वर्षं झाली. पठारावर सामने अजून होतात. खेळ संपला की पंच दिवसभराचं सारं आठवून बघतो. आपलं कुठं चुकलं असं वाटलं, तर त्या खेळाडूच्या मुक्कामावर चालत जातो आणि चारचौघांत तसं सांगतो. याला आमच्याकडे गुणाजीची फेरी म्हणतात. गेल्या साली एका पंचाला अशा दोन फेऱ्या माराव्या लागल्या. दोन्हीकडे त्याला बसवून घेतलं आणि चहा पाजला.