न मळलेली बाग

फार पूर्वी, म्हणजे बागेतल्या बाकांवर देणगीदारांची नावं कोरायची पद्धत अजून निघाली नव्हती तेव्हा, नदीकाठच्या एका गावात एक मोठं मैदान होतं. मैदान राणीसाहेबांचं, पण त्यावर डोळा दोघांचा. गावाला तिथे बाग हवी होती आणि हत्तीखान्याच्या दारोगाला तिथे हत्ती बांधायचे होते. गाव भलतं दाटीवाटीचं, घराला घर चिकटलेलं. पोरांना धावायला जागा नाही, म्हाताऱ्यांना टेकायला जागा नाही. तसं दारोगाचंही खोटं नव्हतं म्हणा. हत्ती काही गल्लीबोळात मावत नाहीत.

राणीसाहेबांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक वर्ष बाग करून बघा. माणसांच्या उपयोगी पडली तर बाग राहील, नाहीतर तिथे हत्ती येतील. आणि हो, बाग नीट राखा. मळू देऊ नका."

हे काम आलं केरोपंत कारभाऱ्यांकडे. नाव केरोपंत, पण केराचा असा तिटकारा, की अंगणात एक वाळलं पान दिसलं तरी त्यांना घास गिळवत नसे. माणूस प्रामाणिक, कष्टाळू, शब्दाचा पक्का. खोड एकच. कुणी चार गोष्टी सांगितल्या, की त्यांच्या लक्षात शेवटची तेवढी राहायची. त्यामुळे 'माणसांच्या उपयोगी' हे शब्द दरबारातच राहिले आणि 'मळू देऊ नका' एवढंच पंत घरी घेऊन आले.

बाग फुलवायला ठकूबाई माळीण होती. साठी उलटलेली बाई. तिचं खुरपं आणि तिची जीभ, दोन्हींना धार. मैदानाच्या मधोमध एक जुना चाफा होता, तो तिने तसाच ठेवला. भोवती हरळी लावली, कडेने मेंदीचं कुंपण घातलं, जाईजुई चढवली. चार महिन्यांत मैदान हिरवंगार झालं. दार उघडलं त्या दिवशी सगळं गाव लोटलं. पोरं तर इतकी धावली, की संध्याकाळी घरी जाऊन न जेवताच झोपली.

आठ दिवसांनी पंत पाहणीला आले आणि जागच्या जागी थबकले. दारापासून चाफ्यापर्यंत हरळी तुडवली गेली होती. मधून तिरकी वाट पडली होती.

"ठकूबाई, हे काय? गवत मळलं की."

ठकूबाई खुरप्याची माती झाडत म्हणाली, "गवत न्हाई मळत पंत, वाट मळती. लोकांना चाफ्याखाली बसायचं असतंय. जिथनं चालत्यात तिथं दोन फरशा टाका, बाकीची हरळी आपोआप राहील."

"मळलं ते मळलं," पंत म्हणाले. "राणीसाहेबांचा हुकूम आहे."

त्यांनी त्या वाटेवर नवी हरळी लावून घेतली. आठ दिवसांत वाट पुन्हा हजर. मग पंतांनी दोर बांधला. दोराखालून पोरं गेली. मग पंतांनी पाट्या लावायला घेतल्या. पहिली पाटी: गवतावर चालू नये. दुसरी: फुलांना हात लावू नये. तिसरी: बाकावर तंगड्या पसरून बसू नये. पाट्यांचंही व्यसन लागतं बरं का. शेवटची पाटी अशी होती: मोठ्याने हसू नये, पक्षी उडतात.

माणसं काही दिवस कडेकडेने, एकामागे एक, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी चालली. म्हातारे म्हणाले, "अहो, ताठ बसवत नाही म्हणून तर आम्ही बाकावर बसायला येतो." त्यांनी येणं सोडलं. पोरं बाजारातल्या गाड्यांमध्ये शिवाशिवी खेळायला लागली आणि आया दिवसभर जीव मुठीत धरून बसायला लागल्या. शेवटी पंतांनी बागेचं दारच लावून घेतलं. दाराशी बसवलेले दोन पहारेकरी तेवढे उरले, आणि त्यांना एकमेकांशीच बोलायचा कंटाळा आला.

बाग मात्र अशी लखलखीत राहिली, की पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चादरच. पंत रोज संध्याकाळी कुंपणाबाहेरून तिच्याकडे बघत आणि समाधानाने घरी जात.

त्या वर्षी पंतांची नात मथू तापाने आजारी पडली. सहा वर्षांची पोर, पंतांच्या काळजाचा तुकडा. ताप उतरला, पण पायांतलं त्राण गेलं. चार पावलं टाकली की मटकन खाली बसायची. वैद्यबुवा आले, पाय चाचपले आणि म्हणाले, "याला माझ्याकडे चाटण नाही. रोज सकाळी दव असताना हिला गवतावर अनवाणी चालवा. पडेल, पडू दे. मऊ गवतावर पडलेलं पोर परत उठतं. फरशीवर पडलेलं घाबरून बसतं."

आता गावात गवत होतं कुठे? एकाच जागी होतं. घरातली सगळी माणसं पंतांकडे बघायला लागली.

"नाही," पंत म्हणाले. "गावाला नको म्हणायचं आणि नातीला दार उघडायचं? हे माझ्याने होणार नाही."

आणि ते देवघरात जाऊन बसले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. दगडाच्या काळजाचा माणूस नव्हता तो. नियम आपल्या माणसासाठी मोडायचा नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. नियमच चुकीचा असू शकतो, हे मात्र कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांनी अंगणात तीन गोधड्या अंथरून बघितल्या. मथूचे पाय गोधडीत अडकले, ती पडली, कोपर फुटलं. मग ती गोधडीवर पाऊल टाकेना. पंत कामाला निघताना ती खिडकीशी बसलेली असे, आणि परतल्यावरही तिथेच बसलेली दिसे. पंतांना त्या खिडकीकडे बघवत नसे.

असे दोन महिने गेले आणि राणीसाहेब उद्या येणार अशी वर्दी आली. पंत शेवटची पाहणी करायला बागेत गेले. जाईजुई ठीक, मेंदी ठीक, पाट्या पुसलेल्या. आणि मग त्यांना ती दिसली. विहिरीजवळच्या मागच्या दारापासून चाफ्यापर्यंत एक वाट. अगदी बारीक, वीतभर रुंदीची, पण वाटच. हरळी दबून पिवळी पडलेली.

पंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठकूबाई, आत्ताच्या आत्ता इथे नवी हरळी लावा. उद्या राणीसाहेबांनी हे बघितलं तर बाग गेलीच म्हणून समजा."

"लावते की," ठकूबाई म्हणाली. "हरळीचे चौकोन काढून टोपलीत ठेवते. लावायला अर्धी घटकाबी लागायची न्हाई. पर उद्या पहाटं तुम्ही सोता या. कोण मळवतंय ते डोळ्यांनी बघा, मग सांगा, लगेच लावते."

दुसऱ्या दिवशी पंत उजाडता उजाडता हातात काठी घेऊन मेंदीच्या आड उभे राहिले. मागचं दार कुरकुरलं. आधी ठकूबाई आत आली, ती उलटी, पाठमोरी चालत. आणि तिच्या समोरून, हात पसरून तोल सांभाळत, मथू.

"बारा, तेरा, चौदा," मथू मोजत होती. पंधराव्या पावलाला ती पडली. ठकूबाईने हात पुढे केला नाही. मथू दवात बसल्या बसल्या हसली, चांगली मोठ्याने हसली, मग हात टेकून उठली आणि पुन्हा चालायला लागली. चाफ्यापर्यंत गेली, खोडाला शिवली, आणि एक फूल तोडून केसात खोवलं. म्हणजे एका दमात पंतांच्या तीन पाट्या मोडल्या.

पंतांच्या हातातली काठी गळून पडली. आवाज झाला आणि मथूने वळून पाहिलं. आजोबांना बघून तिचा चेहरा कसानुसा झाला. ती पटकन खाली बसली आणि तिने दोन्ही तळवे वर करून दाखवले.

"आजोबा, मी गवत मळवलं नाही. मी रोज पाय धुऊन येते."

पंतांना लाज वाटली. फार वाटली. आपली नात दोन महिने चोरासारखी मागच्या दाराने येते, पाय धुऊन येते, आणि सबंध घर ही गोष्ट आपल्यापासून लपवतं, इतके आपण कसे झालो, हे त्यांना समजेना. त्यांनी मथूला उचललं आणि तिची ओली पावलं आपल्या उपरण्याने पुसली. पांढरंशुभ्र उपरणं चिखलाने माखलं, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

ठकूबाई टोपली घेऊन उभी होती. टोपलीत हरळीचे हिरवेगार चौकोन तयार होते. ती काही शहाणपण शिकवायला गेली नाही. तिने एवढंच विचारलं, "लावू का, पंत?"

पंतांनी वाटेकडे पाहिलं. वाट झाकली तर राणीसाहेब खूश होणार, बाग राहणार, असंच त्यांना अजूनही वाटत होतं. न झाकली तर हुकूम मोडल्याचं दिसणार आणि दारोगा मोजणीची दोरी घेऊन तयारच होता. पण बाग राहिली आणि मथू उद्यापासून खिडकीशी बसली, तर ती बाग ठेवायची कुणासाठी? आणि गावात एकटीच मथू थोडीच होती.

"नको," पंत म्हणाले. "राहू दे ती वाट. आणि जरा कुदळ द्या इकडे."

त्यांनी एकेक करून सगळ्या पाट्या उपटल्या. पहारेकऱ्यांना सांगून पुढचं दार सताड उघडलं. पण गावाला सवयच राहिली नव्हती. माणसं दाराबाहेर जमली, आत डोकावली आणि तिथेच उभी राहिली. सांगून ठेवलंय ना, सवय लावायला वर्ष लागतं आणि मोडायला आठवडा.

राणीसाहेब आल्या. मागोमाग दारोगा जमीन मोजायची दोरी घेऊन आला. राणीसाहेबांनी सगळीकडे नजर फिरवली.

"पंत, इतकी स्वच्छ बाग मी आजवर पाहिली नाही. इथे येतं कोण?"

खोटं बोलायची तयारी नसली की उत्तर सोपं असतं. "कुणी येत नाही, राणीसाहेब. मी येऊ दिलं नाही."

"मग हत्तीच येऊ देत," राणीसाहेब म्हणाल्या, आणि दारोगाने दोरीची गाठ सोडली. इतक्यात त्यांचं लक्ष हरळीकडे गेलं. "आणि ही पिवळी रेघ कसली?"

"वाट आहे. माझ्या नातीनं, या मथूनं मळवली. तिच्या पायांत ताकद नव्हती, ती इथे चालून आली. मला आजच कळलं. मी ती झाकणार होतो, पण झाकली नाही. आपला हुकूम मोडलाय. शिक्षा मला करा, पण बाग राहू द्या."

"माझा कुठला हुकूम?"

"बाग मळू देऊ नका म्हणून सांगितलं होतंत."

राणीसाहेब म्हणाल्या, "अहो पंत, केर करू देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ होता. माणसांनी चालू नये असं कधी म्हटलं? कपडा मळणं वेगळं आणि वाट मळणं वेगळं. एवढं मराठी तुम्हाला येत असेल असं वाटलं होतं मला."

ठकूबाईने तोंडाला पदर लावला, हसू दिसू नये म्हणून.

राणीसाहेबांनी पायांतल्या मोजड्या काढल्या. "मथू, चाफ्याकडे कसं जायचं गं?" मथू पुढे निघाली. मोजत मोजत, न पडता, शेवटपर्यंत गेली. मागून राणीसाहेब त्याच वीतभर वाटेने अनवाणी गेल्या. ते बघून दाराशी उभी असलेली एक म्हातारी आत आली. तिच्यामागून दोन पोरं आली. मग कोण आलं आणि कोण नाही, हे मोजत कुणी बसलं नाही.

"या एका वाटेखातर आणखी एक वर्ष देते," राणीसाहेब म्हणाल्या. दारोगाने दोरी गुंडाळली. भला माणूस होता, नदीपलीकडचं माळरान त्याला मिळालं आणि हत्तींनाही डुंबायला नदी जवळ पडली.

त्या वर्षी केरोपंत आळीआळीत फिरले. दारोदार उभे राहून म्हणायचे, "चला, बाग मळवायला या." लोक आधी हसले, मग आले. ठकूबाईच्या सांगण्यावरून पंतांनी दोन महिने काहीच बांधलं नाही, नुसतं बघितलं. जिथे पावलं पडली तिथे फरशा घातल्या. म्हातारे जिथे दम खायला थांबत तिथे बाक ठेवले, तेही टेकायला पाठ असलेले. हरळीचे चार भाग केले आणि शेत पडीक ठेवतात तसा पाळीपाळीने एकेक भाग निजू दिला. त्या भागावर पाटी लावली: हे गवत झोपलंय, शेजारच्यावर खेळा. ती पाटी पोरांनी कधी मोडली नाही. केर उचलायला दर आठवड्याला एकेका आळीची पाळी लागली, आणि उन्हाळ्यात चाफ्याभोवती राहुट्या ठोकून पोरांचं आठ दिवसांचं शिबिर भरलं. ठकूबाई त्यांना झाडं ओळखायला शिकवायची आणि चुकलं की खुरप्याच्या दांड्याने टपली मारायची.

वर्ष भरलं आणि राणीसाहेब पुन्हा आल्या. बागेत त्यांना बसायला बाकच मिळेना. कोपऱ्यातल्या बाकावर तंगड्या पसरून बसलेल्या एका आजोबांनी जरा सरकून जागा दिली. समोरून एक मुलगी शिवाशिवी खेळत धावत गेली, आणि राणीसाहेबांनी तिला ओळखलंच नाही. ती मथू होती.

आता तात्पर्य काढायचंच, तर ते ठकूबाईच्या शब्दांत काढू. तात्पर्य: कापड मळलं तर धुवावं, वाट मळली तर समजावं, की माणसं येत्यात.