आणखी एक थेंब

एका गावात एक घर होतं, ते नाकाने सापडायचं. घर दुरपदाबाईचं. वाळा, मोगरा, चंदन यांची तेलं ती घरीच काढायची, घरीच मिसळायची. तिच्या अत्तराचा फाया कानात ठेवला की माणूस दिवसभर ताठ चालायचा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. नाक होतं आणि धीर होता, तेवढ्यावर ती शिकली.

दुरपदाबाई गेली. मागे राहिली तिची सून, रेवू. रेवूला तेलं ओळखता येत होती. मिसळायची रीत पाठ होती. नव्हता तो फक्त स्वतःवरचा भरवसा.

अशात सरदारांच्या घरून सांगावा आला. नातवाचं बारसं आहे, पाळण्याला लावायला अत्तर हवं, दुरपदाबाईच्या हातचं असायचं तसं. जमलं तर त्या घराचं अत्तर पुढेही रेवूकडेच राहील. नाही जमलं तर शहरातला अत्तर विकणारा गंधी टपून बसलेलाच होता.

सांगावा आल्यापासून रेवूला चैन पडेना. घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. झोप लागली तर स्वप्नात कुपी हातातून निसटायची.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळीच ती दारं-खिडक्या लावून बसली. चंदनाचं तेल घेतलं. त्यात मोगरा घातला, वाळा घातला. हुंगलं. वास थेट सासूच्या अत्तराचा. तिथेच बूच लावून उठली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण भ्यालेल्या माणसाला चांगलं झालेलं पटत नाही. तिने पुन्हा हुंगलं. मघापेक्षा जरा फिकं वाटलं. पुन्हा हुंगलं, आणखी फिकं. वास आताच उडायला लागला, तर उद्यापर्यंत काय उरणार? तिने मोगऱ्याचा एक थेंब टाकला. बरं वाटलं, पण घटकाभरच. मग आणखी एक थेंब. मोगरा फार झाला असेल या भीतीने वाळा वाढवला. वाळा दाटला असेल म्हणून चंदन ओतलं. दुपारपर्यंत त्या घरात श्वास घ्यायला जागा उरली नाही, आणि रेवूला मात्र कसलाच वास येईना.

दारावर थाप पडली. शेजारची ठकूमावशी होती, शेळ्या राखणारी. नाकाला पदर लावून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"काय सांडलंस गं, रेवू?"

"सांडलं काही नाही, मावशी. अत्तर करतेय."

"मग पुरे कर आता. माझ्या शेळ्या गल्लीत शिरेनात. एकेकीला कान धरून आणली."

"मला तर वासच येत नाही. कमी पडलंय अजून."

"कमी?" मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "बाहेर ये बरं जरा. विहिरीपर्यंत चल माझ्याबरोबर. वारा लागू दे अंगाला."

"मला वेळ कुठाय?" रेवू म्हणाली आणि तिने दार लोटलं. शेळ्यांमागे फिरणारीला अत्तरातलं काय कळतं, असंही तिच्या मनात आलं. भीती माणसाला नुसतं भित्रं करत नाही, आढ्यताखोरही करते.

तिने आणखी एक थेंब टाकला.

दुसऱ्या दिवशी सरदारांच्या माजघरात बायका पाळणा म्हणत होत्या. बाळाची आजी, आऊसाहेब, पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. रेवूने बूच काढलं, फाया भिजवला आणि पाळण्याला लावला.

गाणं अर्ध्यावर थांबलं. कुणी शिंकलं, कुणी तोंड फिरवलं. बाळाने तोंड वाकडं केलं, खोकलं, लालबुंद झालं. रडायला आ केला, पण आवाज फुटेना. रेवू कुपी धरून जागीच उभी राहिली. आऊसाहेबांनीच बाळाला उचललं आणि त्या अंगणात धावल्या. मोकळ्या वाऱ्यात दोन श्वास गेले, मग बाळाने हंबरडा फोडला. तो हंबरडा ऐकून सगळ्या बायकांनी सुस्कारा सोडला.

बाळाचं नाव अंगणातच ठेवलं गेलं. ते झाल्यावर आऊसाहेबांनी रेवूला बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत.

"दुरपदा इथे आली की आधी माझ्या मनगटाला लावायची. म्हणायची, माझं नाक थकलंय, तुम्ही सांगा. तू कुणाला विचारलंस?"

रेवूने कुपीचं बूच घट्ट लावलं.

"अत्तर आता शहरातून येईल," आऊसाहेब म्हणाल्या. "तू जेवून जा."

रेवू न जेवताच निघाली. वाटेत कुपी पुरून टाकली, नदीवर हात घासूनघासून धुतले. कितीतरी वेळ वाऱ्यात बसून राहिली. मग घराकडे वळली.

गल्लीच्या तोंडाशीच तिची पावलं थबकली. नाकात झणका गेला. डोळे चुरचुरले. दार उघडलं तर आतून असा लोट आला की ती दोन पावलं मागे सरली. हे सगळं कालही इथेच होतं. साऱ्या गल्लीला कळत होतं. कळलं नव्हतं ते तिला एकटीला.

ती पायरीवरच बसली. ठकूमावशी शेळ्या घेऊन परतत होती. रेवूला पाहून ती थांबली.

"आत जाववत नाही, मावशी," रेवू म्हणाली.

"मग चल माझ्याकडे," मावशी म्हणाली. "शेळ्यांचा वास चालत असेल तर."

तात्पर्य: आपल्या कामात फार वेळ बसलेल्याला त्याचा वास येईनासा होतो. भीती वाटली तर थेंब वाढवू नये, दुसऱ्याला विचारावं; आणि न विचारता कुणी सांगायला दारात आलं, तर ते कोण आहे हे न बघता ऐकावं.