अंगण झाडायची वेळ

“इथे कुणीच नसतं, अशी वेळ कोणती, बाबा?”

केतकीला वाटलं होतं, दाऊदबाबा एखादा तास सांगतील आणि ती तो वहीत टिपून घेईल. दर्ग्याच्या त्या म्हाताऱ्या फकिराने तिच्या हातात झाडू दिला.

“अंगण झाडायचंय,” ते म्हणाले. “कुणी नसेल तेव्हा झाड. वेळ आपोआप कळेल.”

केतकी नाखवा सातासमुद्रापार संगणक शिकून तीन महिन्यांपूर्वी आपल्या बंदरावर परतली होती. शिकलेलं आपल्या माणसांच्या कामी यावं, हा एकच ध्यास. टेकाडावर दर्ग्याशेजारी फोनचा मनोरा होता, म्हणून तिथल्याच एका खोलीत तिने सर्व्हर बसवला. वाऱ्याचा नि लाटांचा अंदाज दूरवरून यायचा, आणि रडतखडत यायचा. सर्व्हर त्याची एक प्रत जवळ ठेवी. मग बंदरावरच्या कुठल्याही फोनला ती चुटकीसरशी मिळे.

पण प्रती साठत गेल्या. जागा भरत आली.

तेव्हा तिने सर्व्हरला नेम लावून दिला. रोज पहाटे तीनला होतं नव्हतं ते सगळं पुसायचं, कोरी पाटी करायची. तीनला कोण जागं असतं? ती शिकली त्या गावात तर कुणीच नसे.

इथे तीनला होड्या सुटत.

एरवी दोघे-चौघेच पान उघडत; काल पहाटे वारा फिरला आणि चाळीस फोनांनी एकदम वाऱ्याचं पान मागितलं. सर्व्हरजवळ एकही प्रत उरली नव्हती. सगळे त्या दूरच्या अरुंद वाटेवर खोळंबले. धर्माकाकांनी वाट पाहून पाहून अंदाजानेच होडी लोटली. परतले ते मोडका हात घेऊन.

“आता एकदा जरी पान अडलं,” होड्या चालवणाऱ्या तांडेलांनी तिला बजावलं होतं, “तर तुझी ती सर्व्हरची पेटी खाडीत.”

नेम बंद ठेवावा, तर दोन दिवसांत जागा भरून सर्व्हर ठप्प. चालू ठेवावा, तर पुन्हा तेच.

म्हणून ती बाबांकडे आली होती. पन्नास वर्षं ते या अंगणात बसत आले होते. बंदराची रिकामी वेळ त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

“तुझी पेटी टिपत नाही का, कोण केव्हा आलं ते?” बाबांनी विचारलं.

“टिपते.”

“मग?”

“ती टिपणंही... तीनलाच पुसली जायची.”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

केतकी झाडू घेऊन खांबापाशी उभी राहिली.

दुपार होती. भिंतीच्या सावलीत एक म्हातारा घोरत होता. तो उठेल म्हणून ती थांबली. तो उठला नाही, उलट जाळी सांधणारे चौघे येऊन बसले. ते गेले तर बाजार उरकून चांगुणाबाय आली, मासळीची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावरच टेकली. तिच्यामागून आणखी दोघी. मग कुणी नवस फेडायला. मग नुसतंच कुणी वारा खायला.

“काय गो बाय,” चांगुणाबाय म्हणाली, “परदेशात झाडू धरायला शिकवतात, चालवायला नाय?”

बायका खिदळल्या. केतकीही ओशाळून हसली.

ऊन उतरलं. लोबान पेटला. अंगण अजून भरलेलंच.

तिने झाडू बाबांपुढे ठेवला.

“एक क्षणही रिकामं झालं नाही, बाबा.”

“हं.”

“आणि तरी रोज झाडलेलं असतं.”

“असतं.”

“मग तुम्ही झाडता केव्हा?”

बाबा उठले. झाडू उचलून ते सरळ बायकांच्या घोळक्याकडे गेले.

चांगुणाबाय बोलत होती. झाडू जवळ येताच तिने बोलणं न थांबवता उजवा पाय उचलला. झाडू खालून गेला. पाय खाली आला. मग डावा. सुनेची चुगली एका शब्दानेही अडली नाही.

घोरणाऱ्या म्हाताऱ्यापाशी बाबा पोचले, त्याला वळसा घातला आणि पुढे गेले.

“त्याच्याखालचा कचरा राहिला,” केतकी म्हणाली.

“राहिला.”

“मग?”

“तो काही जन्मभर झोपायचा नाही.”

...

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीने तीनचा नेम कायमचा काढून टाकला. त्याच्या जागी नवा लावला. दर दहा मिनिटांनी थोडंसंच पुसायचं. तेही नवी प्रत हाताशी आलेली असेल, तेव्हाच जुनी. आणि कुणी वाचत असेल ते पान सोडून पुढे जायचं, पुढच्या फेरीला पाहायचं.

मग बंदरावरून होड्यांवरच्या माणसांना तिने फोनवर एकेक करून विचारलं. पान उघडतंय? उघडतंय. तुमचं? उघडतंय गो, किती विचारशील!

ती धावतच टेकाड चढली.

“आता ठरलेली अशी वेळच नाही, बाबा! सर्व्हर दिवसरात्र थोडं थोडं झाडत राहणार. कुणाला पत्ताही लागणार नाही.”

बाबा ऐकत होते.

“एकच आहे,” ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. “शिकले तेव्हापासून वाटायचं, काम म्हणजे शेवटी सगळं लख्ख दिसलं पाहिजे. हे तसं कधीच दिसणार नाही. काही ना काही राहिलेलंच असणार.”

बाबांनी समुद्राकडे नजर वळवली.

“हे अंगण अगदी रिकामं, लख्ख मी एकदाच पाहिलंय, बेटी,” ते म्हणाले. “त्या दिवशी होड्या परत आल्या नव्हत्या.”