जुईलीच्या यादीतली चूक

“जुईलीच्यासारखा क्लास मला परवडला असता, तर मी असा मागे राहिलो असतो का, सर?”

मिरजेत मुल्लासरांच्या ओसरीवर बसून मकरंद भोकरे विचारत होता. सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. मकरंद आठवडाभर झेरॉक्सच्या दुकानात राबायचा आणि रविवारी सकाळी त्यांच्याकडे फंक्शनल प्रोग्रॅमिंग ही संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची पद्धत शिकायला यायचा. जवळ एक जुनाट लॅपटॉप आणि दुकानातल्या पाठकोऱ्या कागदांवर छापलेले फुकटचे धडे, एवढंच.

जुईली साने त्याची शाळेपासूनची मैत्रीण. ती पुण्यात महागड्या क्लासला जात होती.

सरांनी तिची चौकशी केली. मकरंदने सांगितलं, की उद्या तिची नोकरीची मुलाखत आहे. दवाखान्यातल्या रुग्णांच्या यादीचा प्रोग्रॅम लिहून न्यायचा होता, तो तिनं त्याला नजरेखालून घालायला पाठवला होता.

“मग?”

“चांगला झालाय, असं कळवलं.”

“झालाय?”

“नाही.”

वयाप्रमाणे यादी लावताना तिनं मूळ यादीच बदलली होती. कोण आधी आलं, तेच पुसलं जात होतं. मिळालेल्या माहितीला हात लावायचा नाही, तिच्यावरून नवी तयार करायची, हा तर सरांचा पहिला धडा. मकरंदला चूक वाचता वाचताच दिसली होती. आणि बरं वाटलं होतं.

“दोन दिवस झाले,” तो म्हणाला. “झोपसुद्धा शांत लागतेय. त्याचीच भीती वाटते.”

सरांनी चटईवर पडलेला त्याचा फोन उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

“सांगितलं तर तिची निवड होईल, सर.”

सरांचा हात तसाच राहिला...

मकरंदने फोन लावला. चूक सांगितली. ती आपल्याला परवाच दिसली होती, हेही सांगितलं.

पलीकडून जुईली हळूच म्हणाली, की क्लासात हे शिकवलं तेव्हा तिला कळलंच नव्हतं, आणि सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटली. “तू पुन्हा एकदा सांगशील का?”

त्याने सांगितलं. सावकाश, दोनदा. मग फोन खाली ठेवला.

“आता ती जाईल पुढे,” मकरंद म्हणाला. “अजूनही जळतंय आत. काय करू?”

“पुढच्या रविवारी तिला बोलावून घे,” सर म्हणाले. “तू ज्याला शिकवशील, असं कुणीतरी तुला हवंच आहे.”