टिटवीचं आभाळ

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. त्याच्या घरच्या जेवणावळीत भृंगनाथ मांत्रिकाचं पान चुकून पंक्तीच्या शेवटी मांडलं गेलं आणि तूप तिथवर पोहोचलंच नाही. मांत्रिक उठला आणि त्याने राजकन्या हेमावतीची टिटवी करून टाकली. प्रधानाने त्याचे पाय धरले, तेव्हा उःशाप मिळाला.

"आभाळातून तीन तेजस्वी उल्का जातील. त्यांतली एक तरी हिने शेवटपर्यंत पाहिली, तर ही माणसात येईल. तिन्ही चुकल्या, तर हिची वाचाही जाईल."

पाहण्यात अवघड ते काय, असं राजाला वाटलं. पण टिटवी ती टिटवी. आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून पाठीवर निजून पाय वर करायचे, ही त्या जातीची रीत.

पहिल्या उल्केसाठी राजाने उंच मनोरा बांधला. उल्का आली. राजा ओरडला, "हेमा, ते बघ." लेकीने पाय वर केले आणि डोळे घट्ट मिटले.

मग दरबार भरला. पुष्कळ विचारांती ठरलं, की आधी राजकन्येची भीती घालवावी. हत्तींनी शिळा ओढून आणल्या, तिच्या डोक्यावर दगडी छत उभं राहिलं. ते फार भक्कम झालं. इतकं, की दुसरी उल्का वरून गेल्याचं बाहेरच्या पहारेकऱ्याने आत येऊन सांगितलं.

तेव्हा कुठे राजाला सुचलं, की लेकीलाच विचारावं.

"हेमा, डोळे का मिटतेस?"

"जोर लावताना मिटतात, आबासाहेब."

"भीती वाटते?"

"माझी नाही. तुम्ही सगळे खाली असता ना."

"आणि आभाळ एकटीच धरतेस?"

"दुसरं कोणी धरलेलं दिसत नाही."



तिसऱ्या उल्केच्या रात्री राजाने मुकुट प्रधानाच्या हाती दिला, लेकीशेजारी गवतात पाठ टेकली आणि दोन्ही पाय वर केले.

"आज मी धरतो. तू बघ."

"तुम्हाला जमेल?"

"चुकलं तर सांग."

प्रधान खाकरला. "महाराज, प्रजा बघते आहे."

"प्रजेला वर बघायला सांगा."

उगवतीकडून उल्का निघाली. तिचा हिरवट उजेड तळ्यावर पडला, हत्तींच्या पाठींवर पडला, राजाच्या तळव्यांवर पडला. राजाने मात्र ती पाहिली नाही. त्याने डोळे घट्ट मिटले होते. जोर लावताना मिटतात.

मग त्याच्या पायाला एक हात लागला. पाच बोटांचा, ऊबदार.

"आबासाहेब, पाय खाली घ्या," हेमावती म्हणाली. "ते पडत नाही. नुसतं चमकून जातं."

"नक्की?"

"शेवटपर्यंत पाहिलं मी."

तरी राजाने पाय जरा वेळाने, एकेक करून खाली घेतले.

पुढच्या जेवणावळीत भृंगनाथाला पहिलं पान मिळालं, तूपही दोनदा. राज्याची घडी पुन्हा बसली. आणि आभाळ आजही आपल्या जागी आहे, तेव्हा कोणी ना कोणी ते धरत असणार.